बाबांच्या बोटांवरचं तेल

आमच्या घरची गाडी माझ्या नावावर आहे, चालवते बायको, आणि इंजिनातलं तेल कधी बदलायचं ते ठरवायचे बाबा. माझ्या वाट्याला गाडी धुणं येतं. तेही मुलीच्या मते मला नीट जमत नाही.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं नागपुरात कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत केली. शेतकऱ्याची तूर, हरभरा, सोयाबीन यायचं, ओट्यावर ढीग पडायचा, आणि बोली सुरू व्हायच्या आधी बाबा त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे. वरचा माल बघायचाच नाही, ढिगाच्या पोटातला बघायचा, हा त्यांचा नियम. मूठ बाहेर काढायची, दाणे तळहातावर अंगठ्याने फिरवायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, "ओल आहे अजून. ऊन दाखवा याले." ओल मोजायचं यंत्र बाजारात आलं तेव्हाही लोक आधी बाबांना विचारायचे आणि मग यंत्राला, असं बाबा सांगतात. यंत्राची बाजू मी ऐकलेली नाही.

हाच हात त्यांनी घरी सगळीकडे चालवला. चिमूटभर कणकेवरून गहू कोणता ते सांगायचे. माझ्या लग्नाच्या वेळी शालूच्या दुकानात त्यांनी पदर दोन बोटांत धरून डोळे मिटले, तेव्हा दुकानदाराने न मागता दुसरा शालू काढला होता. आणि रविवारी सकाळी गाडीचं तेल. इंजिन गार असताना बोनेट उघडायचं, तेलाची काडी ओढायची, जुन्या बनियनला पुसून पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढायची, आणि टोकावरचं तेल अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश चोळायचं. मग निकाल. "चालते अजून", नाहीतर "गेलं हे". त्यावर अपील नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं. खरं म्हणजे आम्ही सोडायला लावलं, कारण गाडी फाटकाच्या खांबाला लागली होती. बाबांच्या मते खांबच पुढे आला होता. पण त्यांनी काडी काही सोडली नाही. बाजार सुटला, स्टिअरिंग सुटलं, आता या माणसाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायला जगात एवढी एकच जागा उरली आहे, हे बायकोच्या तेव्हाच लक्षात आलं. माझ्या लक्षात गोष्टी उशिरा येतात, आणि आल्या की मी त्या इतरांना समजावून सांगत बसतो.

भांडण सिंथेटिक तेलावरून झालं. इथे प्रतापनगरात आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे. त्याने एका सर्व्हिसिंगला पूर्ण सिंथेटिक तेल टाकलं, काचेच्या कोपऱ्यात स्टिकर चिकटवला आणि म्हणाला, "साहेब, दहा हजार किलोमीटर नाही तर एक वर्ष, जे आधी होईल ते. तोवर टेन्शनच घेऊ नका." टेन्शन न घेण्याचा सल्ला मला कुणीही दिला तरी मी तो लगेच घेतो.

तिसऱ्याच महिन्यात बाबा काडी हातात धरून म्हणाले, "गेलं हे."

"बाबा, हे सिंथेटिक आहे. वर्षभर जाते."

"काळं झालं न पण."

"काळं होणारच. इंजिनातली काजळी ते आपल्यात धरून ठेवते. काळं झालं म्हणजे काम करून राहिलं आहे."

"अन् हे रेतीसारखी किरकिर लागून राहिली बोटाले, ते?"

"कशाची किरकिर?"

"मले काय विचारते गा? तू हात लाव न."

मी हात लावला. मला तेल तेलासारखं लागलं. पण माझ्या बोटांची साक्ष कुणी काढू नये. कढईतलं आणि इंजिनातलं तेल डोळे बांधून पुढे ठेवलं, तर मी दोन्हींत भजी तळायला सांगीन.

मग मी अभ्यासाला लागलो. रात्री जेवताना मी घरच्यांना तेलाविषयी सांगू लागलो. मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं की तेलाचा थेंब कागदावर टाकून ठेवायचा, तो कसा पसरतो त्यावरून तेलाचा जीव कळतो. मधला डाग दाट राहिला आणि त्याला काठ धरला तर तेल थकलं, हळूहळू फिका होत पसरला तर ठीक. मी घरातली सगळ्यात चांगली लग्नपत्रिका घेतली. तिचा कागद इतका गुळगुळीत की थेंब त्यावर मण्यासारखा बसून राहिला, अजिबात पसरला नाही. बायको म्हणाली, "अहो, त्या लग्नाला जायचं आहे अजून. पत्ता त्याच्यावरच आहे." मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला थेंब टाकले. सकाळी मुलीने ते पाहून सांगितलं की एक अस्वल आहे आणि बाकीची त्याची पिल्लं. तेलाचा जीव त्यात कुठे होता हे मलाही सांगता आलं नाही, पण मी मान डोलावून "बघा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणालो.

बाबा अस्वलांकडे बघत बसले. "तुमचंच खरं," म्हणाले. बाबा मला 'तुम्ही' म्हणाले की समजायचं, विषय मिटला नाही, माणूस उठून गेला.

पुढच्या रविवारी बोनेट उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि पानं उलटताना कागदावर कुरकुर करायचे. आताशा कागद फार खरबरीत काढून राहिले म्हणे. ही कुरकुर वाढतच गेली. गादीवरच्या चादरीत रेती येते. कणीक बारीक दळत नाही. चक्कीवाल्याशी तर ते भांडूनच आले आणि आम्हाला दुसरी चक्की लावायला लावली, जी मुळीच जवळ नाही. दळण आणायला मीच जायचो, तेव्हा मला वाटलं, तेलाचा राग माझ्यावर असा काढून राहिले.

"तुम्ही तेलात जिंकले," बायको म्हणाली, "पण बाबांचा रविवार घेऊन टाकला."

"मी कुठे घेतला? कंपनीने लिहिलं आहे."

"कंपनीच्या घरी बाबा राहत नाहीत न."

मी बादली उचलली आणि गाडी धुवायला गेलो.

वर्ष भरलं तेव्हा उन्हाळा चांगलाच तापला होता. एका शनिवारी बायको परस्परच गाडी गॅरेजला देऊन तेल बदलून घेऊन आली. बाबा दुपारी झोपले होते. त्यांना सांगायचं राहून गेलं, कारण तेल हा शब्दच आम्ही घरात काढायचा बंद केला होता. भाजीला फोडणी घालतानासुद्धा जपून.

दुसऱ्या दिवशी ताईकडे कुहीला जायचं होतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या शेतात बोअरला पाणी लागलं होतं म्हणून घरच्यांचं जेवण होतं. वडाभात झाला, आग्रह झाला, आणि जेवल्यावर भाऊजी बाबांना म्हणाले, "बाबा, आमच्या ट्रॅक्टरचं तेल पाहून द्या न जरा. धानाच्या आधी बदलू का मंग बदलू, काही समजून नाही राहिलं."

हे भाऊजींना खरंच समजत नव्हतं, की ताईने त्यांना शिकवून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. बाबांनी बाह्या वर केल्या. काडी ओढली, चोळलं, आणि म्हणाले, "बदला. किरकिर लागून राहिली."

"आत्ताच बदलतो, बाबा."

"आत्ता कशाले? धानाच्या आधी बदला म्हटलं. पूर्ण ऐकत जा."

येताना बाबा पुढच्या सीटवर बसले आणि सगळ्या रस्त्याने बोलत आले. कोणत्या गावची तूर कशी यायची, कोण मालात माती मिसळायचा, सगळं. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा हा आवाज ऐकत होतो. घरी पोहोचल्यावर ते खाली उतरले आणि रुबाबात म्हणाले, "बोनेट खोल गा."

"बाबा, इंजिन गरम आहे. सकाळी पाहू."

"खोल म्हटलं न."

मी उघडलं. बाबांनी काडी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. तिच्या टोकावर कालचंच तेल होतं, मधासारखं पिवळं, आरपार दिसणारं. बाबांनी ते टोक अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरलं. कुहीवरून उन्हातून आलेल्या इंजिनातली काडी ती. बाबांनी डोळे मिटले, चोळलं, पुन्हा धरलं.

"गेलं," ते म्हणाले. "रेती झाली पूर्ण. हात लावा कोणीही."

मी तोंड उघडलं. तेल काल बदललं आहे हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. एवढ्यात बायको पुढे झाली आणि तिने बाबांचा हात धरला. "बाबा, काडी सोडा. सोडा आधी."

काडीच्या टोकाला ती स्वतः चुकून शिवली आणि "आई गं" करून हात झटकला. बाबा तिच्याकडे नवलाने पाहत होते. त्यांच्या अंगठ्यावर लालभडक चट्टा उठला होता. तर्जनीवर फोड धरत होता.

"भाजलं न, बाबा?"

"कुठं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी आपलीच बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बराच वेळ. "मले तर काही वाटलं नाही वं," असं ते सुनेला म्हणाले, आणि तो आवाज गाडीतल्या आवाजासारखा नव्हता.

डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावला, टाचणीचं टोक लावलं, तळपायावर कंप पावणारा चिमटा धरला. साखर बाबांना बऱ्याच वर्षांपासून आहे. ती आणि शरीरात कमी पडलेलं एक जीवनसत्त्व, दोन्ही मिळून नसा बोथट झाल्या होत्या. त्यात स्पर्श कमी होतो, आणि जो उरतो तो खरा नसतो. मुंग्या येतात, रेती लागल्यासारखं वाटतं. "तुम्हाला वस्तू खरबरीत लागतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. चादर, पेपर, कणीक, तेल. सगळ्यांतली किरकिर बाबांच्या बोटांत होती आणि मी वर्षभर कॅलेंडरवर अस्वलं काढत होतो.

इंजेक्शनांनी थोडं भरून येईल, डॉक्टर म्हणाले, सगळं येईल असं सांगता येत नाही. गरम गोष्टी जपून, चप्पल घरातही घालायची, पाय रोज पाहायचे.

घरी आल्यावर बाबा आधी जुन्या चक्कीवाल्याकडे गेले. मी सोबत होतो. त्याला म्हणाले, "तुमची कणीक बरोबर होती. माझा हात बिघडला होता." चक्कीवाला गोंधळून म्हणाला, "नाही नाही काका, जातं टाकी लावाले आलंच होतं." त्याने हे बाबांसाठी म्हटलं, की खरंच जात्याला टाकीने धार लावायची वेळ आली होती, कुणास ठाऊक. पण तेव्हापासून दळण जवळ आलं.

तेलाचं मात्र उलट झालं. इतके दिवस मी बोनेट बंद केलं होतं, आता ते बाबांनी बंद केलं. मी दोन-चारदा म्हणून पाहिलं, "बाबा, रविवार आहे, काडी पाहता का?" ते म्हणाले, "बाजारात ज्याचा हात गेला तो घरी बसते. खोटा भाव सांगत नाही." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते खुर्चीत बसून बोटं एकमेकांवर घासत राहायचे, दुसऱ्या कुणाची तरी पाहत असल्यासारखे.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. बायको सकाळी मुलीला शाळेत सोडून आली, आणि गाडी गार झाल्यावर तिनेच बोनेट उघडलं. मी दात घासत खिडकीतून पाहत होतो. तिने काडी काढली आणि ती टपकू नये म्हणून खाली बनियनचं फडकं धरून, आरतीचं ताट न्यावं तशी जपून बाबांपुढे घेऊन गेली.

"बाबा, हे पाहा न. मले काही समजून नाही राहिलं."

"माझा हात गेला वं. सांगितलं न डॉक्टरनं."

"हात गेला, पण नाक तर आहे न? मले वेगळाच वास येते याले."

बाबांनी तिच्याकडे जरा रागाने पाहिलं. मग मान पुढे केली. हात मांडीवरच ठेवले. एकदा वास घेतला, तोंड फिरवून श्वास सोडला, पुन्हा घेतला.

"पेट्रोल," ते म्हणाले. "तेलात पेट्रोल आलं. काडीवर किती होतं?"

"खुणेच्या थोडं वर."

"टाकलं होतं कोणी?"

"नाही."

"म्हणजे न टाकता वाढलं." बाबा खुर्चीत सरळ झाले. "तू गाडी कुठकुठं नेते, सांग."

ती सांगू लागली. शाळा. भाजी. ट्यूशन. परत शाळा. सगळं प्रतापनगरच्या आसपास. सिमेंट रस्त्याचं काम चालू असलं की धुळीत उभं राहणं, सिग्नल, पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"तापतच नाही वं तुमची गाडी," बाबा म्हणाले. "तापायच्या आधी बंद होते. कच्चं पेट्रोल खाली तेलात उतरून राहिलं. ओला माल पोत्यात भरला तं काय होते? तसं. काय गा, तुझं पुस्तक काय म्हणते?"

हे मला होतं. तोंडात फेस तसाच ठेवून मी गाडीचं पुस्तक शोधायला धावलो. ते डिकीत स्टेपनीखाली होतं. दहा हजार किंवा एक वर्ष, हे मी त्यात पूर्वीच पाहिलं होतं. त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं, जे मी बारीक अक्षरांवरच्या माझ्या धोरणानुसार वाचलं नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. फार उष्ण हवामान, धूळ, गर्दीत थांबत चालणं, वारंवार लहान अंतरं. असं असेल तर तेल बरंच आधी बदलावं.

"म्हणजे आपलं नागपूर लिहिलं आहे," बाबा म्हणाले.

"पण बाबा, काळं झालं म्हणून बदलायचं, हे काही त्यात नाही हं," मी म्हणालो. माणसाला सवय असते.

"नाही न. ते तुझं खरं होतं. काळ्यावरून मी चुकत होतो." त्यांनी हे अगदी सहज म्हटलं. मग ते सुनेकडे वळले. "दिवाळीच्या आत बदलू. तोवर दर रविवारी लांब काढत जा तिले. चांगली तापू दे, पेट्रोल उडून जाते. कुहीपर्यंत गेलं तरी पुरे."

तेव्हापासून रविवारी आम्ही तेलासाठी कुहीला जाऊ लागलो. ताई म्हणाली, पाण्यासाठी आले नाहीत एवढे तेलासाठी येऊन राहिले. बायको गाडी चालवायची, बाबा पुढे, मी मागे मुलीसोबत. घरी येऊन गाडी गार झाली की बायको काडी काढायची. बाबा विचारायचे, ती सांगायची. खुणेच्या वर की खाली? पातळ वाटते की मागच्या रविवारसारखं? मुलगीसुद्धा बोट लावून सांगू लागली. बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, शेवटी स्वतः वास घ्यायचे, आणि मग निकाल. माझी साक्ष अजूनही फारशी काढत नाहीत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी आणि बाबा गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने मीटर पाहिला. "साहेब, फारच लवकर आले. अजून अर्धंही नाही झालं."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याला शाळा, भाजी, ट्यूशन सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "असं चालत असेल तर काका म्हणतात तेच बरोबर. घ्या आत."

पण आमच्या मागे एक गृहस्थ आपली गाडी घेऊन उभे होते. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच गोंधळलेले. ते सगळं ऐकत होते. पुढे येऊन म्हणाले, "काका, आमचंही जरा पाहता का? माझी मिसेस म्हणते बदला, मी म्हणतो वर्ष नाही झालं. रोज घरात तेच."

मला वाटलं, बाबा आता नाही म्हणतील. त्यांनी आपला उजवा हात त्या माणसापुढे धरला, भाजल्याचा फिका डाग असलेला.

"हे पाहा," ते म्हणाले, "हात गेला आहे माझा. बोटाले खरं समजत नाही, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे. नाक पक्कं आहे. चालत असंल तर काडी आणा."

"चालते न, काका."

"गाडी कुठकुठं फिरते, ते आधी सांगा. खरं सांगा. अन् तुम्ही नका सांगू, मिसेसले फोन लावा."

त्या माणसाने खरंच फोन लावला. गॅरेजवाल्याने बाबांना बसायला स्टूल दिलं आणि आमची गाडी बाजूला घेतली, कारण मधल्या जागेत आता ती दुसरी गाडी बोनेट वर करून उभी होती. आणखी एकजण स्कूटर स्टँडला लावून जवळ आला. स्कूटरचंही पाहता का, म्हणून विचारू लागला. बाबांनी त्याला हाताने थांबायची खूण केली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको होती. "एवढा वेळ काहून लागून राहिला? झालं नाही का अजून?"

मी जरा बाजूला झालो. बाबा काडीवर वाकून, डोळे मिटून वास घेत होते, आणि तीन माणसं श्वास रोखून उभी होती.

"थांब जरा," मी तिला म्हणालो. "बाबा कामात आहेत."